शालिग्राम सरांचा एकच प्रश्न

साखरखेर्ड्याच्या अलीकडच्या एका गावात शालिग्राम सर अठ्ठावीस वर्षं गणित शिकवत होते आणि गावाच्या मते त्या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी एकच प्रश्न विचारला. ३.५ मोठे की ३.२५? पारावरचा म्हातारा असो नाहीतर खताच्या दुकानातला पोरगा, सर दिसले की कुणीतरी हमखास म्हणायचं, "काय सर, आज कोणतं मोठं हाय?" सर रागावत नसत. चेष्टेत का होईना, प्रश्न लोकांच्या तोंडी आहे, एवढ्यावरच ते खूश असत. बिचाऱ्यांना खूश व्हायला फार लागायचं नाही.

हा प्रश्न त्यांनी हौसेनं शोधलेला नव्हता. नोकरीच्या पहिल्याच जूनमध्ये सहावीला तो सहज विचारला, तर चाळीसपैकी छत्तीस पोरं म्हणाली, ३.२५ मोठे. गोविंदा नावाच्या पोरानं तर सरांचीच कीव करत सांगितलं, "पाचापेक्षा पंचवीस मोठे नाही का, सर?" सरांनी दोन छड्या मारून उत्तर उलटं करून घेतलं. दुसऱ्या दिवशी गोविंदाचे वडील कडूबा शाळेत हजर.

"मास्तर," कडूबा म्हणाले, "माह्यं वावर तीन पंचवीस हाय. शेजाऱ्याचं तीन पाच. अन् तुमी पोराले सांगून राह्यले का शेजाऱ्याचं जास्त हाय?"

तेव्हा कुठे सरांच्या डोक्यात प्रकाश पडला. इकडे जमीन एकर-गुंठ्यात बोलतात आणि लिहिताना मधे टिंब देतात. ३.२५ म्हणजे तीन एकर पंचवीस गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून साडेतीन एकर लिहायचे तर ३.२०. क्रिकेटमध्ये ४.३ म्हणजे चार षटकं तीन चेंडू. एसटी ९.३० ला म्हणजे नऊ वाजून तीस मिनिटांनी. पोरांच्या जगात जिथे जिथे टिंब होतं, तिथे ते दोन वेगळ्या मापांमधला बांध होतं. अलीकडचं वेगळं, पलीकडचं वेगळं. दशांश चिन्ह म्हणून येणारं टिंब फक्त सरांच्या फळ्यावर होतं. पोरं मठ्ठ नव्हती. ती घरचं खरं शाळेत सांगत होती आणि सर त्यांना त्याबद्दल मारत होते. सरांना स्वतःची लाज वाटली.

त्यानंतर त्यांनी छडीला हात लावला नाही, पण प्रश्न सोडला नाही. कागदाच्या पट्ट्या कापल्या, दहा भाग केले, शंभर भाग केले. 'सव्वातीन मोठे की साडेतीन?' असं तोंडी विचारलं की पोरं हसायची. हे काय विचारणं झालं? पण तेच फळ्यावर लिहिलं की पुन्हा पंचवीसच्या मागे धावायची. आणि आकडे बदलून ६.८ विचारलं, तर सव्वा-साडेचा आधारही नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी, असं बाकीचे मास्तर म्हणत. सर मात्र दर जूनच्या पहिल्या दिवशी आणि दर एप्रिलच्या शेवटच्या दिवशी तोच प्रश्न विचारत आणि किती पोरांचं उत्तर बरोबर आलं ते एका वहीत टिपून ठेवत. जूनमध्ये चार, पाच, फार तर सहा. एप्रिलमध्ये छत्तीस, अडतीस, एका वर्षी तर चाळीसपैकी चाळीस.

ती वही ते घरी कपाटात ठेवत. "लोकायच्या कपाटात सोनं रायते, आपल्या कपाटात साडेतीन," असं त्यांच्या बायकोनं, जयमालाबाईंनी, शंभर वेळा तरी म्हटलं असेल. येत्या मे महिन्यात सर निवृत्त होणार होते. पुरस्कार-बिरस्कार काही मिळाला नव्हता. शाळेचा पट अर्ध्यावर आला होता. गोविंदा गवंडीकामाला लागला होता. आयुष्यात काय केलंत, असं कुणी विचारलं असतं तर सरांकडे दाखवायला ती वही होती आणि एक राखी होती.

राखी ही त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. सहावीच्या दिवाळीनंतर तिचं उत्तर कधी चुकलंच नाही. प्रश्न संपायच्या आत हात वर. पुढे तिनं डी.एड. केलं, टीईटी दोनदा थोडक्या मार्कांनी हुकली, तेव्हा देऊळगाव राजाच्या एका खासगी शाळेत मिळेल त्या पगारावर ती सहावीला गणित शिकवू लागली. त्याला सात वर्षं झाली होती. मार्चमध्ये तिचा फोन आला. "सर, रिटायर व्हायच्या आधी एक बार माह्या वर्गावर या. तुमचाच प्रश्न शिकवून राह्यली मी." सरांनी त्या रात्री जयमालाबाईंना तीन वेळा तेच सांगितलं. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते पहिल्या गाडीनं निघाले.

राखीनं त्यांना मागच्या बाकावर बसवलं. "हे माझे सर," तिनं पोरांना सांगितलं आणि फळ्यावर ३.५ आणि ३.२५ लिहिलं. अख्खा वर्ग ओरडला, तीन पूर्णांक पाच! तिनं ७.४ आणि ७.३८ लिहिलं. पुन्हा बरोबर. सरांनी चष्मा काढून पुसला. वर्गात असं भरून यावं, हे त्यांना शोभत नव्हतं, पण आलं.

"नियम काय?" राखीनं विचारलं.

पोरं एका सुरात म्हणाली, "टिंबानंतर ज्याच्यात आकडे कमी, ती संख्या मोठी."

सर उठून उभे राहिले. त्यांनी विचारलं, "३.१ आणि ३.२५? यातलं कोणतं मोठं?"

"३.१!" सगळा वर्ग म्हणाला. राखी कौतुकानं सरांकडे पाहत होती.

सर तिला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. खिशातल्या डायरीच्या कडेला छापलेल्या सेंटिमीटरच्या पट्टीवर त्यांनी ३.१ वर नख ठेवलं, मग ३.२५ वर ठेवलं. राखीनं डायरी हातात घेऊन दोन्ही खुणा स्वतः मोजल्या.

"३.१ तं मागं हाय, सर," ती हळूच म्हणाली.

"मग हा नियम तू कुठून आणलास?"

"तुमच्याकडूनच की, सर. तुमी कव्हाही विचारलं तं कमी आकड्यायचंच मोठं निंघे. एक बार ध्यानात आलं, मंग कव्हा चुकलंच नाही. तव्हा वर्गातल्या समद्या पोरायले म्याच सांगे."

सरांना सगळे एप्रिल आठवले. ३.५ आणि ३.२५. ६.८ आणि ६.७५. ९.३ आणि ९.१२. पोरांची चूक जिथे पकडता येईल तेच आकडे ते निवडत आले होते. ३.१ आणि ३.२५ त्यांनी कधी विचारलंच नाही, कारण ते जूनमध्येसुद्धा सगळ्यांना यायचं. बरोबर आलेलं कोण विचारतं? वहीतले छत्तीस, अडतीस, चाळीस हे टिंब कळलेल्या पोरांचे आकडे नव्हते. एका चुकीतून उठून दुसऱ्या चुकीत बसलेल्या पोरांचे होते, आणि पहिल्या चुकीला निदान वावराचा आधार तरी होता. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार! अठ्ठावीस वर्षं आड ते स्वतःच होते.

"तुमीच सांगा आता पोरायले," राखी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मले नाही जमणार."

सर आत गेले. खडू हातात घेतला. नियम चुकीचा आहे, असं त्यांनी सांगितलं आणि नवा प्रश्न फळ्यावर लिहिला. ४.२ आणि ४.१९. सगळा वर्ग फळ्याकडे नाही, सरांच्या तोंडाकडे पाहत होता.

"४.२," पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. सरांच्या कपाळावरची आठी पाहून तिनं घाईनं बदललं, "नाही सर, ४.१९."

"नाही, ४.२ च मोठे," सर म्हणाले.

"मग नियम बरोबरच आहे ना, सर?" मुलीनं विचारलं.

सरांनी वळून फळ्याकडे पाहिलं. हात सवयीनं जुन्याच जातीचा प्रश्न लिहून गेला होता, जिथे कमी आकड्यांचंच मोठं निघतं. मागे पोरांनी नियम पुन्हा एकदा म्हटला, या वेळी जास्त जोरात.