मेंढरांच्या डॉक्टरकीसाठी नागपूर

सोलापूरच्या वसतिगृहात एका खोलीत आम्ही दोघं राहायचो. माझा सोबती बार्शीच्या आडत दुकानदाराचा मुलगा आणि मी सांगोल्याच्या बाजूच्या मेंढपाळाचा. जुन्या अकरावीनंतर सायन्सची दोन वर्षं आम्ही तिथं काढली. मोठा दुष्काळ सरून थोडेच दिवस झाले होते. निकाल लागला तेव्हा खोल्याखोल्यांतून एकच गाव ऐकू यायचं, पुणे. कुणी इंजिनिअरिंगला निघाला होता, कुणी नुसताच बी.एस्सी.ला, पण पुण्याला. प्रत्येकाचा तिथं मामा असायचा, नाहीतर मामाच्या ओळखीचा कुणीतरी. माझं पुण्यात कुणी नव्हतं. मार्कही मधलेच पडले होते. मेडिकलला पोचत नव्हते, आणि बी.एस्सी. होऊन पुढं काय, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

कॉलेजच्या वाटेवर जनावरांचा दवाखाना होता. पहिल्या वर्षी घरची आठवण आली की मी तिथं जाऊन उभा राहायचो. खरं कारण सांगायची तेव्हा लाज वाटायची. तिथं मेंढरांचा वास यायचा, तेवढंच. एकदा एक दांडगी मेंढी तिथल्या दोघांना आवरेना. मी पुढं झालो, तिची हनुवटी धरून मान वळवली आणि तिला ढुंगणावर बसवली. मेंढी गप्प झाली. डॉक्टर नागपूरकडचे होते. ते म्हणाले, "काऊन रे, घरी मेंढ्या आहेत का?"

तेव्हापासून ओळख झाली. निकालाच्या दिवशी त्यांनीच विषय काढला.

"नागपूरले जा. आमच्या कॉलेजात. चार वर्षांत डॉक्टर होशील."

"जनावरांचा?"

"मग काय माणसांचा? माणसांचे लय झाले."

त्यांनी फॉर्म मागवून दिला. खोलीत मी तो उघडला तेव्हा सोबती हसत सुटला. "सगळी पुण्याला निघाली आन् ह्यो मेंढरं वळायला नागपूरला." मलाही हसू आलं. पण फॉर्म मी भरला. शेवटच्या पानावर पालकाची सही किंवा अंगठा हवा होता, आणि त्याखाली एका साक्षीदाराची सही. मुदतीला नऊ दिवस होते आणि माझे पालक कुठं आहेत, हे मला ठाऊक नव्हतं.

आमच्याकडं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन माणसं बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. आप्पा आणि आई आठ महिने चालत असत. घोड्यावर बिऱ्हाड, मागं मेंढरं, आणि मुक्कामाला कुणाच्या तरी रानात जाळी लावून वाडा. मेंढरं रानात बसली की खत पडतं, म्हणून शेतकरी बोलावून घेतात. त्या वर्षी आमचा वाडा बार्शीच्या अंगाला गेलाय एवढंच कळलं होतं.

सकाळच्या गाडीनं मी वैरागला उतरलो आणि विचारत निघालो. मेंढरांचा माग काढणं तसं अवघड नसतं. शंभर-सव्वाशे मेंढरं गेली की रस्ता लपत नाही. पण त्या भागात सात-आठ वाडे फिरत होते आणि पहिले दोन दुसऱ्यांचेच निघाले. एका वाड्यावर त्यांनी मला दूध-भाकरी खाऊ घातली आणि म्हणाले, "तुजा बा परवा भोगावतीच्या काठाला व्हता. पांढरा घोडा की?" घोडा पांढरा होता खरा. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिथं पोचलो.

पोचलो ते गडबडीत. कुणाच्या तरी विहिरीच्या पाण्यावरची कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, कापून नेलेली होती आणि तिच्या खोडांना कोवळे पोंगे फुटले होते. मेंढरं त्यात घुसली होती. चार मेंढ्या आडव्या पडल्या होत्या, पोटं फुगलेली, तोंडाला फेस. आई गूळ कालवत होती. आप्पांनी मला बघितलं, पण कधी आलास, कसा आलास, काही विचारलं नाही. "मान धर तिची," म्हणाले. मी मान धरली आणि त्यांनी नळीनं गूळपाणी पाजलं. दोन मेंढ्या उठल्या, दोन गेल्या.

सगळं झाल्यावर आम्ही बाभळीखाली बसलो. मी फॉर्म काढला आणि काय ते सांगितलं. आप्पांनी तो उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "मेंढरं कळायला नागपूरला जायाला लागतंय व्हय?"

त्यांनी मेलेल्या मेंढ्यांकडं हात केला.

"आत्ता त्या दोन का मेल्या, सांग की. दोन वर्सं शिकलास न्हवं?"

"मला न्हाय म्हाईत."

"आमाला म्हाईत हाय. कवळ्या पोंग्याचं ईख, किराळ लागली. पर किराळ म्हंजी काय, त्ये आमालाबी म्हाईत न्हाय." त्यांनी फॉर्मकडं बोट केलं. "तितं शिकिवत्यात का त्ये?"

"शिकवत असतील."

"असतील?"

"शिकवत्यात," मी म्हणालो. मला काहीच ठाऊक नव्हतं, पण तेव्हा तसं म्हणणं भाग होतं.

"लई लांब हाय पर," आप्पा म्हणाले. "हितं सोलापुरात काय न्हाय का?"

तोवर न बोललेली आई तिथं बोलली. "लांबचं तुमी सांगू नगा. ह्यो जल्मला तवा तुमी कुटं व्हता? आठ म्हयनं आपुन तरी कुटं घरात आसतो?"

आप्पांनी तिच्याकडं बघितलं आणि अंगठा पुढं केला.

शाईची डबी मी आणली नव्हती. माझ्या पेनातली शाई अंगठ्याला लावून बघितली, पण त्यांच्या अंगठ्याची कातडी शाई धरीना. कागदावर नुसता ओला डाग पडला. शेवटी मेंढरांच्या पाठीवर खूण करायचा गेरू आईनं तेलात कालवला आणि लाल अंगठा उमटला. छान स्पष्ट उमटला. साक्षीदार म्हणून ज्यांच्या रानात वाडा बसला होता त्या शेतकऱ्यानं सही केली. सही करताना ते म्हणाले, "पुण्याला का घालत न्हाईसा? माजा भाचा तितंच हाय."

फॉर्म वेळेत गेला. महिन्याभरानं मुलाखतीचं बोलावणं आलं. तोवर वाडा गावाकडं परतला होता. आप्पा म्हणाले, "मी येतो." मला ते नको होतं. मुलाखतीला घोंगडी घेतलेला बाप बरोबर न्यायचा म्हणजे कसं दिसेल, हेच माझ्या डोक्यात होतं. मी म्हणालो, "मी जाईन की एकटा. मोठा झालोय."

"तू जाशील रं. पर आपल्या डोळ्यानं वाट बघितल्याबिगर कळप सोडायचा न्हाय, ही आपली रीत हाय."

सोलापूर ते दौंड, दौंड ते मनमाड, मनमाड ते नागपूर. आईनं भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली होती. आप्पा सगळ्या वाटेनं खिडकीशी बसून राहिले. त्यांना स्टेशनांत रस नव्हता. भुई कसली आहे, पाणी कुठं आहे, चारा काय आहे, हेच ते बघत होते. डब्यातल्या अनोळखी माणसांना विचारत होते, "हिकडं मेंढरं कोन राखतंय?" वऱ्हाडातला एक जण म्हणाला, "मेंढ्या कमी बाप्पा, बकऱ्या आहेत." आप्पांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "भुई काळी हाय, पर मानसं बकऱ्यावाली हायती." हे त्यांना फारसं पटलेलं दिसलं नाही.

मुलाखतीला तीन साहेब होते. मार्क विचारले, घरचं विचारलं. मग मधल्या साहेबांनी फॉर्म उलटा करून लाल अंगठा बघितला. "हे काय आहे?" मी गेरूची हकीकत सांगितली. त्यांनी फॉर्म शेजाऱ्याकडं सरकवला. शेजारचे साहेब म्हणाले, "इतक्या दुरून येणारी मुलं पहिल्याच वर्षी परत जातात. तू गेलास तर एक जागा फुकट जाईल. काय भरवसा?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी तयार केलं नव्हतं. जे सुचलं ते बोललो. "वडील बाहेर बसलेत, सर. ते म्हणालेत, पळून आलास तर आयुष्यभर मेंढरं राखायला लावीन. आणि मला ते काम येतंय, त्यामुळं ते खरंच लावतील."

तिघंही हसले. मी हसलो नाही, कारण ते खरं होतं.

बाहेर आलो तर आप्पा बसले होते त्या कडुनिंबाखाली फक्त त्यांची घोंगडी होती. शोधत मागच्या बाजूला गेलो. तिथं कॉलेजचा एक गडी एडक्याला औषध पाजत होता आणि आप्पांनी त्या एडक्याला दोन्ही गुडघ्यांत धरला होता. गडी त्याच्या बोलीत काहीतरी सांगत होता, आप्पा त्यांच्या बोलीत सांगत होते. दोघांना एकमेकांचं निम्मंच कळत असावं, पण एडक्याच्या पोटात औषध गेलं. मला बघून गडी म्हणाला, "तुमचे बाबाजी चांगले आहेत बाप्पा. मले शिकवून राहिले."

मला जागा मिळाली. दुसऱ्या दिवशी आप्पा परत निघाले. फलाटावर म्हणाले, "वाट सरळ हाय. दोनदा उतरायचं आन् दोनदा चडायचं." गाडी हलल्यावर ते आत वळून बसले. माझ्याकडं बघत राहिले नाहीत. मला तेव्हा ते लागलं होतं. पण मेंढपाळ एकदा कळप पुढं काढला की मागं वळून थांबत नाही, त्यांचा तो स्वभावच होता.

पहिले सहा महिने जड गेले. मी बोललो की पोरं "हाय की, न्हाय की" म्हणत माझी नक्कल करायची. खाणावळीत वाढप्यानं विचारलं, "सांभार टाकू का?" मी म्हणालो, "नको, भातावर वरण आहे की." सगळे हसले. तिकडं कोथिंबिरीला सांभार म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. रोज संध्याकाळी मला वाटायचं, पुण्याला गेलो असतो तर निदान चटणी-भाकरी मिळाली असती. माझा बार्शीचा सोबती पुण्यातून पत्र लिहायचा. तिथं त्याला आमच्याकडचे बावीस जण भेटले होते. मला एकही भेटला नव्हता. पण न भेटल्यामुळंच असेल, वर्षाच्या शेवटी मी त्या पोरांशी त्यांच्या बोलीत भांडू लागलो होतो.

घरी पत्रं लिहायचो, ती गावच्या पत्त्यावर. गावात चुलता राहायचा, घरात कुणालाच वाचता येत नव्हतं, आणि दिवाळीनंतर आई-आप्पा वाड्याबरोबर फिरत असायचे. उत्तर यायचं नाही. पोचतात की नाही, तेही कळायचं नाही. पहिल्या उन्हाळी सुट्टीत, वाडा गावी परतल्यावर, घरी गेलो तर आईनं ट्रंकेतून माझी पत्रं काढली. सात होती. एकही फोडलेलं नव्हतं.

"कुनाकडनं वाचून घ्यायचं?" आई म्हणाली. "दुसऱ्याच्या तोंडनं तुजं कशाला ऐकायचं? आता तूच आलास. तुजी तूच वाच."

आप्पाही येऊन बसले. मी एकेक फोडून वाचत गेलो. श्रावणात लिहिलं होतं, मला इथं करमत नाही, परत येऊ का, कळवा. आप्पा म्हणाले, "मग आलास का न्हाईस?"

"तुमी कळवलं न्हाय की."

आई हसायला लागली आणि हसता हसताच तिनं डोळ्यांना पदर लावला. पुढचं पत्र मी वाचलं. त्यात सगळं ठीक आहे, जेवण चांगलं आहे, असं खोटं लिहिलं होतं. तेही वाचून दाखवलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी लस घेऊन आलो. सोलापूरच्या त्याच डॉक्टरांनी दिली. पावसाच्या तोंडाला कोवळं गवत खाऊन धडधाकट मेंढरं उभ्याउभ्या पडतात, त्यावरची ती लस होती. आप्पांनी सुई बघितली, बाटली बघितली, आणि म्हणाले, "निम्मी टोच. निम्मी ऱ्हाऊ दे. मग बगू."

मी चिडलो. म्हणालो, "निम्मी मरायला ठेवायची का?"

"आजवर टोचल्याबिगर सगळी मेली का?" आप्पा म्हणाले.

शेवटी निम्मीच टोचली. टोचलेल्यांच्या शिंगांना आईनं हिरवा रंग लावला. मी नागपूरला परतलो आणि सगळा पावसाळा वाट बघत होतो. दिवाळीआधी गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं एक कार्ड आलं. घरून आलेलं ते पहिलंच. औंदा रोग आलाच नाही, असं त्यात होतं. हिरव्या शिंगांचीही मेली नाहीत, बिनरंगाचीही नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात मी बाटल्या घेऊन घरी पोचलो तेव्हा आप्पांनी सगळा कळप आधीच जाळीत कोंडून ठेवला होता. ह्या खेपेला निम्मीचं नाव निघालं नाही. ते एकेक मेंढी धरून देत गेले आणि मी टोचत गेलो. दुपारपर्यंत सगळी झाली.