गाठीतल्या पेशी आणि स्नेहलची पीएचडी

फ्रीझर भरला की जुने नमुने फेकता येतात, किस्से मात्र फेकवत नाहीत! आमच्या लॅबमध्ये तर त्यांचा नुसता ढीग झालाय.

मी हिंजवडीतली आयटीची नोकरी सोडून या लॅबच्या कॉम्प्युटरवर बसलो, तेव्हा आई म्हणाली, "पगार अर्धा आणि काम कॅन्सरचं. छान!" स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं काम. एकाच गाठीतल्या पेशी वेगवेगळ्या का वागतात, कुठल्या पेशीत कुठली जनुकं चालू नि कुठली बंद, हे शोधायचं. ही पीएचडी होती बिबवेवाडीच्या स्नेहल गायकवाडची. घराण्यातली पहिलीच, त्यामुळे अख्ख्या गल्लीचं तिच्याकडे लक्ष!

* * *

डिशमधल्या पेशींना स्नेहल रोज "गुड मॉर्निंग" करायची. लॅबच्या प्रमुख जोशी मॅडमनी एकदा ऐकलं.

"गायकवाड, त्या कॅन्सरच्या आहेत. लाड कमी करा."

* * *

शेजारच्या काकूंनी तिला गाठलं. "काय गं, करतेस तरी काय तिथे?"

"एका गाठीत किती प्रकारच्या पेशी असतात ते बघतेय, काकू."

"पाच वर्षं? अगं, या गल्लीत कोण कोण राहतं ते मला पाच दिवसांत कळलं होतं!"

* * *

माझ्या स्क्रीनवर एकेक पेशी म्हणजे एकेक ठिपका. सारख्या पेशींचे ठिपके एकत्र येतात. एका सकाळी सगळ्यांपासून फटकून बसलेला झुबका दिसला. नवीन प्रकार! स्नेहल धावत जाऊन पेढे घेऊन आली.

मी जनुकांची यादी काढली, तर त्या पेशींत वाय क्रोमोसोमची, म्हणजे फक्त पुरुषांत असणारी, जनुकं जोरात चालू. आणि पेशंट बाई! दुसऱ्याच पेशंटचा नमुना मिसळला होता.

स्नेहल रडकुंडीला आली. मॅडमनी शांतपणे पेढा उचलला. "चूक आपल्यालाच सापडली, त्याचे समजून खा." स्नेहलने सगळं काम पहिल्यापासून केलं.

* * *

पीएचडीच्या शेवटच्या तोंडी परीक्षेला, व्हायव्हाला, तिचे बाबा आले. मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर ते मालाचं वजन करणारे तोलणार. कडक इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "अख्खी गाठ चटणीसारखी वाटून एकदम तपासता येते. एकेक पेशी बघण्यात इतकी वर्षं का घालवली?"

स्नेहल नुसत्या स्लाइड मागेपुढे करत राहिली. सगळी पीएचडी त्या एका उत्तरावर अडली.

तेवढ्यात मागून आवाज आला. "अहो सर, कांद्याची गोणी आपण वरूनच बघून घेता का? आत हात घालावा लागतो. सडके मधेच असतात!"

मॅडमनी डोळेच मिटले.

स्नेहल मात्र खुदकन हसली आणि सुटली. "हेच, सर! गाठ वाटली की हाती सरासरी येते. औषधाला दाद न देणाऱ्या मूठभर पेशी त्यात हरवतात, आणि त्याच पुन्हा वाढतात." मग वीस मिनिटं ती थांबलीच नाही.

परीक्षक उठले, थेट शेवटच्या रांगेत गेले आणि बाबांचा हात हातात घेऊन म्हणाले, "अभिनंदन, डॉक्टर गायकवाड!"

बाबा म्हणाले, "माझं राहू द्या हो. आधी हिच्या कागदावर सही करा!"