पूजा कोरडी की ओली?

स्टिकर लाल होतं. मी फोटो काढला, पुण्याच्या ऑफिसला पाठवला आणि फॉर्मवर ‘लिक्विड डॅमेज’वर टिक केलं. वीस वर्षं सर्व्हिस सेंटरमध्ये काढली की हात आपोआप चालतो. डोकं मागून येतं.

स्टिकरचं आधी सांगते. मोबाईल असो की गेम खेळायचं मशीन, आत कागदाचा एक पांढरा ठिपका असतो. पाणी लागलं की तो लाल होतो, आणि लाल झाला की वॉरंटी गेली. गिऱ्हाईक कितीही शपथा घेवो, आमचा विश्वास ठिपक्यावर.

गिऱ्हाईक होते माण तालुक्यातले, फौजेतले एक हवालदार. सुट्टी संपत आलेली, दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून गाडी. सोबत नऊवारीतली आई. हातात धरून खेळायचं नवंकोरं मशीन, आठ दिवसांचं. दहा मिनिटं चाललं की तापून बंद पडायचं.

“काय काय आहे यात?” असं मी सुरुवातीलाच विचारलं होतं. मला सगळं पाठ असतं, पण गिऱ्हाइकाला बोलतं केलेलं बरं.

हवालदारांनी रायफलची माहिती द्यावी तशी सुरुवात केली. “सात इंची स्क्रीन. दोन अंगाला दोन स्टिक. गोळी मारली की हातात थरथरतंय. आत पंखा हाय. म्हंजे बगा, अख्खा कॉम्प्युटरच. आन् मेन म्हंजे नेट लागत न्हाई. आमच्या पोस्टवर रेंज न्हाई मॅडम. तितं वरीस काढायचंय.”

आता मला त्यांना सांगावं लागलं, “आत पाणी गेलंय. पुण्याला पाठवावं लागेल. वीस-पंचवीस दिवस, आणि खर्च तुमचा.”

“पाणी?” हवालदार ताडकन उठले. “आवं मॅडम, आमच्या माणात प्यायाला पाणी न्हाई, ह्याच्यात कुठनं घालू?”

मला हसू आलं, पण फॉर्म तर गेला होता. तेवढ्यात त्या नऊवारीतल्या मावशी हळूच पुढं आल्या.

“ताई, म्या पूजा केलती त्याची. फुडं काच हाय, म्हनून पाठीवर हळदकुकू वाहिलं, अक्षता टाकल्या. माज्याच हातानं वाटुळं झालं का गं?”

“आये, गप बस,” लेक म्हणाला. मावशींनी पदर डोळ्याला लावला. नीट न बघता टिक करणारी मी, आणि रडत होत्या त्या.

मी मशीन पुन्हा उघडलं. या मशीनच्या पाठीवर पंख्याला हवा मिळावी म्हणून फटी असतात. त्यातूनच पूजा आत गेली होती. पंख्याच्या पात्यात अक्षतेचा एक पिवळा दाणा अडकलेला. पंखा फिरत नाही, म्हणून मशीन तापतं. चिमट्यानं दाणा काढला. मग ठिपक्यावरून कोरडा ब्रश फिरवला. लाली ब्रशवर आली. खाली ठिपका पांढराशुभ्र.

पुण्याच्या साहेबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“सर, मघाचं लिक्विड डॅमेज रद्द करा. चूक माझी. ते कुंकू आहे.”

“काय आहे?”

“कुंकू. पूजा केली होती.”

“फॉर्मवर त्याला कॅटेगरी कुठाय? आणि मॅडम, कुंकू ओलं लावलं असेल तर ते लिक्विडच झालं.”

मी मावशींकडं बघितलं. “मावशी, कुंकू ओलं लावलंत की कोरडं?”

मावशींचे डोळे एकदम कोरडे झाले. फोनवर वाकून त्या कडाडल्या, “वलं कशाला लावू? लेकाची वस्तू हाय, एवडं कळत न्हाई व्हय मला? नारळसुदीक दाराभाईर फोडला!”

साहेब म्हणाले, “व्हिडिओवर दाखवा.”

दाखवलं. ठिपका पांढरा, पंखा फिरतोय. फॉर्म रद्द झाला, वॉरंटी राहिली.

चाचणी म्हणून हवालदारांना अर्धा तास काउंटरवर खेळायला बसवलं. त्यांनी शत्रूची दाणादाण उडवली, मशीन काही बंद पडलं नाही. मावशी स्क्रीनकडं बघतच नव्हत्या. मशीनच्या फटींशी तळहात धरून उभ्या होत्या.

“वारं येतंया,” त्या म्हणाल्या. “दम घेतंय की गं!”

निघताना त्यांनी कनवटीची कुंकवाची डबी काढली आणि विचारलं, “ताई, आता लावू का नगं?” मी मशीन कव्हरमध्ये घातलं, चेन लावली आणि कव्हर पुढं केलं. त्यांनी कव्हरला कुंकवाचं बोट लावलं. मग माझ्या स्क्रू-ड्रायव्हरलाही लावलं. मला तो मान फार आवडला, खोटं कशाला सांगू.

आमच्या फॉर्मवर दोन प्रश्न असतात: मशीन पडलं होतं का, भिजलं होतं का. त्या दिवशी मी खाली पेनानं तिसरा लिहिला: पूजा झाली आहे का, कोरडी की ओली? साहेबांनी त्याला पोरकटपणा म्हटलं.

दसऱ्याच्या पूजा झाल्या आणि त्यांचाच फोन आला. तो फॉर्म सगळ्या सेंटरांना पाठवा म्हणाले.