ओरेस्तेचे पाच गोल

इटलीतल्या अलेस्सांद्रिया गावच्या टोप्यांच्या कारखान्यातला ओरेस्ते १९४८ साली आपल्या गावच्या संघाची फुटबॉल मॅच बघायला तोरिनो शहरात गेला. तोरिनोच्या संघाने पाचवा गोल ठोकला, तसा तो तणतणत उठून बाहेर पडला. मॅच दहा-शून्य झाली. ओरेस्ते मात्र पुढं चाळीस वर्षं पाच-शून्यच सांगत राहिला.

"अरे, पेपरात छापलंय," बारमध्ये पत्ते पिसताना सेकोन्दो म्हणायचा.

"मी पाच पाहिले. ऐकीव गोष्टींवर आपला विश्वास नाही."

ओरेस्ते वारला, तेव्हा सेकोन्दो त्याच्या बायकोला म्हणाला, "वहिनी, आता तरी दहा म्हणा."

"पाचच," पिएरिना म्हणाली. "बाकीचे पाच ह्यांनी मैदानाच्या भिंतीबाहेर उभं राहून नुसते ऐकले. शेवटच्या शिट्टीपर्यंत जागचे हलले नाहीत. आपला एखादा होईल म्हणून."