समुद्राखालचा बर्फ आणि धुळ्याचा कारखाना

मुलाखतीत मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "समुद्र पाहिलाय का?"

"नाही," मी म्हणाले.

समोर बसलेले तिघेही हसले. दुसरं काही सुचेना म्हणून मीही हसले. जळगावात वाढलेल्या आणि भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलीला समुद्र दाखवायला कोण नेणार? सुट्टी लागली की आम्ही एस.टी.ने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला मामाकडे जायचो. त्या रस्त्यावर समुद्र लागत नाही.

तरी माझी निवड झाली. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत नवा गट तयार होत होता आणि समुद्राच्या तळाखाली काय गोठलेलं आहे ते शोधणं हे त्याचं काम होतं. उत्तरेकडच्या थंड समुद्रांखाली गोठलेली जमीन असते. खोल समुद्रात, आपल्याकडेही, तळाखालच्या चिखलात बर्फासारखा दिसणारा एक पदार्थ असू शकतो. त्यात पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात ज्वलनशील वायू कोंडलेला असतो. त्याचा तुकडा हातात घेऊन काडी लावली तर तो पेटतो, आणि जळून उरतं ते पाणी. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तोच परिच्छेद पुन्हा वाचला होता.

घरात मात्र आनंदीआनंद नव्हता. शहरातल्या एका मुलींच्या शाळेत मला शिक्षिकेची नोकरी मिळण्यासारखी होती आणि आईचा जीव तिथे होता. आप्पा, म्हणजे माझे वडील, पाइपच्या कारखान्यात पर्यवेक्षक होते. ते उघडपणे नाही म्हणाले नाहीत, पण जेवताना एकदा बोलले, "जमिनीखालचं पाणी शोधायला माणूस मिळत नाही आपल्याकडे, आणि तू समुद्राखालचा बर्फ शोधणार."

रुजू व्हायला थोडे दिवस होते. आईने मला मामाकडे पाठवलं. "जरा फिरून ये," असं म्हणाली खरी, पण मामा माझी समजूत घालेल अशी तिची आशा होती. तो तिचा धाकटा भाऊ, आणि आमच्याकडे त्याच्या शब्दाला वजन होतं.

मामाचा धुळ्यात बर्फाचा कारखाना होता. मे महिन्यात रसवंत्या, कुल्फीवाले आणि लग्नाचे मंडप सगळे त्याच्या दारात उभे असायचे. आत शिरलं की अमोनियाचा वास नाकात झोंबायचा. जमिनीत मोठा हौद होता, त्यावर लाकडी फळ्या, आणि फळ्यांखाली मिठाच्या गार पाण्यात लोखंडी साचे बुडवलेले. साच्यात गोडं पाणी. मिठाचं पाणी शून्याच्या खूप खाली जाऊनही गोठायचं नाही, पण साच्यातल्या पाण्याची मात्र लादी व्हायची.

पहिल्याच दिवशी मामाने विषय काढला. तो आमच्याशी अहिराणीतच बोलायचा.

"समुंदरना खाले बरफ? तठे कारखाना कोनी टाका?"

मी त्याला समजावायला लागले. हजारो वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र आत्ताच्यापेक्षा खाली होता. उत्तरेकडची किनाऱ्याजवळची जमीन उघडी पडली आणि थंडीने खोलवर गोठली. पुढे समुद्र चढला आणि ती गोठलेली जमीन पाण्याखाली गेली. अजून ती तिथेच आहे.

"अन् तुमले वरथाइन कसं समजी?"

"आवाजावरून. गोठलेल्या जमिनीतून आवाज वेगाने जातो. आणि विजेवरून. ओल्या मातीतून वीज जाते, गोठलेल्या मातीतून जवळजवळ जात नाही."

मामा म्हणाला, "दखाड." म्हणजे दाखव.

तो हे थट्टेने म्हणाला की खरंच, ते मला अजूनही सांगता येणार नाही. पण माझ्या डोक्यात ते बसलं. मी हे सगळं फक्त वाचलेलं होतं. गोठलेली जमीन मी कधी पाहिली नव्हती, आणि इथे, बाहेर उन्हात डांबर चपलेला चिकटत असताना, माझ्या पायाखाली गोठवायचं यंत्र चालू होतं.

मामाकडे पाण्याच्या लाइनीचे प्लास्टिकच्या पाइपचे तुकडे पडलेले होते. लोखंडी डबा चालला नसता, कारण वीज त्याच्याच अंगातून गेली असती. मी दोन तुकडे घेतले आणि त्यांच्या एका तोंडाला टोपणं चिकटवली. पांझरा नदीतून वाळू आणली, ती गोड्या पाण्यात भिजवून दोन्हींत ठासून भरली आणि प्रत्येकात थोड्या अंतरावर दोन लांब खिळे रोवले. मामी दारातून बघत होती. "वाळू गोठवाले धुळाले येनी का तू?" तिने विचारलं आणि हसत आत गेली.

गोठवण्याआधी मी मामाचा मल्टीमीटर दोन खिळ्यांना लावला. तो एरवी मोटारी तपासायला वापरायचा. वाळू ओली होती, काटा छान सरकला. मग दोन्ही पाइप दोरीने बांधून, तोंड वर ठेवून, हौदात सोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामाने स्वतः फळी उचलली आणि पाइप बाहेर ओढले. पहिल्याच्या वाळूवर मी पान्याने टकटक केलं. खणखणीत आवाज आला, फरशीवर ठोकल्यासारखा. मल्टीमीटर लावला तर काटा जागचा हललाच नाही. मला इतका आनंद झाला की मी मामाचा दंड धरला.

"हात लावी दख," तो म्हणाला. त्याने स्वतःच बोट लावून पाहिलं आणि झटकन मागे घेतलं.

मग दुसरा पाइप. त्यावर ठोकलं तर थप्प असा आवाज आला. काटा सरकला, आदल्या दिवशीपेक्षाही जास्त. वाळूत काडी खुपसली तर ती सहज आत गेली. मला वाटलं, हा हौदाच्या गरम कोपऱ्यात राहिला असेल. मामाने त्याचा लांब थर्मामीटर आणला. दोन्ही पाइपांना टेकवून पाहिला, पारा सारखाच, शून्याच्या बराच खाली.

"दोन्हीबी सारखाच थंडा शेतस," मामा म्हणाला. "मंग हाऊ काबर नही गोठना?"

आम्ही दोघं त्या पाइपकडे बघत बसलो. मामाचं गिऱ्हाईक हाका मारत होतं, तो "थांब" म्हणाला आणि उठला नाही. मी पाइप उलटा केला. टोपणाच्या कडेला ओल होती. तिथली वाळू मी जिभेला लावली. खारट. माझं चिकटवणं कच्चं राहिलं होतं आणि हौदातलं मिठाचं पाणी खालून आत शिरलं होतं.

मी तिथेच जमिनीवर बसले. ओशाळायला हवं होतं, पण वेगळंच काही झालं. मी वाचलेल्या एका ओळीचा अर्थ मला तोपर्यंत लागलाच नव्हता. उत्तरेच्या समुद्राखालची जमीन वरून वितळत चालली आहे, आणि तेही शून्याखालीच थंड असताना, असं तिथे लिहिलं होतं. थंड असून वितळते कशी? आता कळलं. वरचं खारं पाणी हळूहळू आत मुरतं आणि बर्फ वितळवत जातं. तिथे नुसता थर्मामीटर खाली सोडला तर फसगत होईल. त्याला थंडी कळेल, बर्फ कळणार नाही. म्हणून आवाज, म्हणून वीज.

हे सगळं मी मामाला भराभरा सांगितलं. त्याने एकच विचारलं, "मंग अर्ध गोठेल अन् अर्ध नही, आसं व्हई तं?"

"मग दोन्हींच्या मधलं उत्तर येईल, आणि त्यावरून आमच्यात भांडणं होतील," मी म्हणाले.

तो मोठ्याने हसला आणि गिऱ्हाइकाकडे गेला.

चार दिवसांनी तो मला पोचवायला जळगावला आला. आईने त्याला चहा दिला आणि माझ्यादेखतच विचारलं, "समजावलंस का तिला?"

मामाने बशीत चहा ओतला. "अक्का, जाऊ दे पोरीले. इले जे दखानं शे ते तठे शे. आठे राहीसन ती मना कारखाना बंद पाडी."

आईने आप्पांकडे पाहिलं. आप्पा म्हणाले, "बॅग मोठी लागेल." तेवढ्यावर ते ठरलं.

संस्थेत पोचल्यावर मी समुद्र पाहिला. पहिल्या दिवशी त्याचा आवाज ऐकूनच दमले. पण काम मात्र पाण्यात नव्हतं, कागदावर होतं. तेलाच्या शोधासाठी पूर्वी जहाजांनी आवाजाचे धक्के देऊन तळाखालच्या थरांचे प्रतिध्वनी नोंदवले होते. त्यांचे लांबच लांब कागद आम्ही टेबलावर पसरायचो. कागदभर थरांच्या बारीक काळ्या-पांढऱ्या रेघा. त्यांत आम्हाला एक खास रेघ शोधायची होती. बर्फासारख्या पदार्थात कोंडलेला वायू जिथे संपतो आणि खाली मोकळा वायू सुरू होतो, तिथून येणारी. ती समुद्रतळाची नक्कल करते. तळ वर गेला की वर जाते, खाली गेला की खाली, आणि वाटेत आलेले थर खुशाल कापत पुढे जाते. शिवाय तिचा प्रतिध्वनी उलटा असतो. तळाच्या रेघेत काळं असेल तिथे हिच्यात पांढरं.

पावसाळा संपता संपता मला एका कागदावर तशी रेघ दिसली. मी लाल पेन्सिलीने ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत गेले. आमच्या गटाच्या प्रमुख एक बाई होत्या, मोजकं बोलणाऱ्या. मी त्यांना बोलावलं.

त्यांनी आधी पट्टी लावली. तळाचाच प्रतिध्वनी दुसऱ्यांदा परतून आलेला तर नाही ना, ते पाहायला; तो बरोबर दुप्पट खोलीवर दिसतो. नव्हता. मग भिंग घेऊन त्या रेघेवरून हळूहळू सरकत गेल्या. डाव्या बाजूला थर तिरपे होते आणि रेघ त्यांना सरळ कापत गेली होती. काळं-पांढरंही उलटं होतं. तिथे त्या थांबल्या आणि माझ्याकडे पाहून मान डोलावली.

मग उजवीकडे गेल्या. "इथे थरच तळाला समांतर आहेत," त्या म्हणाल्या. "ही रेघ वायूची आहे की साध्या थराची, कशावरून सांगशील?"

मी भिंगातून पाहिलं. काळं-पांढरं तिथे पुसटच होतं. मी खूप वेळ पाहिलं, कारण मला ते उलटं दिसायला हवं होतं.

"नाही सांगता येत," मी म्हणाले.

"मग?"

मी खोडरबर घेतलं आणि उजवी बाजू पुसायला लागले. लाल पेन्सिल लवकर जात नाही, कागदावर गुलाबी डाग राहिला. डावी बाजू तशीच ठेवली. बाईंनी टेबलावरची गुंडाळी उघडून जहाजाच्या शेजारच्या फेरीचा कागद काढला आणि ती रेघ तिथे थर कापते का ते पाहायला दोघींनी मिळून तो पहिल्याच्या शेजारी पसरला.