किल्ल्यांच्या मिसेस

चष्मेवाल्याला साठाव्या वर्षी भाऊ मिळाला, तोही फोटोतून.

एकुलता एक माणूस. दुकान मुलीकडे सोपवल्यावर त्याने वंशावळ मांडायला घेतली. आजोबांच्या बहिणीचा एकच फोटो होता: जुन्या हॉटेलच्या नोकरमंडळींच्या मधोमध ती खुर्चीत, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, खाली नावाआधी ‘मिसेस’. मिसेस म्हटल्यावर नवरा आलाच. तिच्या खुर्चीवर हात ठेवून एक मिशाळ आचारी उभा होता. पुराव्याला तेवढं पुरे झालं. आडनाव मात्र माहेरचंच छापलेलं; तो दोष त्याने छापणाऱ्याच्या माथी मारला.

मग आचाऱ्याच्या भावाचा नातू शोधून काढला. गाडी चालवायला शिकवायचा, बडबड्या. पहिल्याच भेटीत ‘दादा’ म्हणत गळ्यात पडला आणि पुढे दर रविवारी थेट स्वयंपाकघरात शिरून चहा टाकू लागला.

फोटोची चांगली प्रत हवी म्हणून दोघे हॉटेलात गेले. जिन्याशी तसे तीन फोटो ओळीने लावलेले. खुर्ची तीच, जुडगा तोच, बाई दर वेळी वेगळी, तिघीही मिसेस. पहिल्या फोटोत आजोबांची बहीण मागे चादरी घेऊन उभी होती: ‘मिस’. आचाऱ्याचा हात मात्र तिन्ही खुर्च्यांवर.

“आमचे आजोबा भलतेच रंगेल होते की!” धाकटा म्हणाला.

मॅनेजरबाई हसल्या. “सगळे हेच विचारतात. किल्ल्या हातात आल्या की मिसेस. हुद्द्याचा मान तो. लग्न केलं तर उलट नोकरी जायची.”

परतताना गाडी धाकटा चालवत होता.

“म्हणजे दादा, आपण एकमेकांचे कोणीच नाही?”

“कागदावर नाही.”

“मग आता तुला अहो-जाहो करू का?”

“पुढे बघून चालव,” चष्मेवाला म्हणाला. गाडी शिकवणाऱ्याने तेही ऐकून घेतलं.

त्या संध्याकाळी चष्मेवाला वंशावळीसमोर बसला. अख्ख्या हॉटेलच्या किल्ल्या जिने सांभाळल्या, तिला त्याने एका हाताच्या भरवशावर उजवून टाकलं होतं. नवरा खोडायला एक रेघ पुरणार होती. पण त्याच रेघेखाली धाकटाही जाणार होता. तिचं तिला परत द्यायचं, तर आपला भाऊ सोडावा लागणार. पेन बराच वेळ हातात राहिलं. मग त्याने रेघ मारली.

रविवारी धाकटा आला. दार उघडंच होतं. तरी त्याने बेल वाजवली, आणि आतून हाक येईपर्यंत पायपुसण्यावर उभा राहिला.