दम किती, शून्य ते दहा

चुलीच्या धुरानं आईची फुफ्फुसं पार निकामी केली होती. किन्हीराजातल्या आमच्या घरापासून बसथांब्यापर्यंत जायचं तरी ती तीनदा बसायची. नागपूरच्या एका दवाखान्यात अशा पेशंटवर मूळपेशींच्या उपचाराची चाचणी चालू आहे असं कळलं, तसा मी तिला घेऊन गेलो. निम्म्यांना मूळपेशी, निम्म्यांना नुसतं सलाईन. कुणाला काय दिलं ते डॉक्टरलाही ठाऊक नसतं. हे मी तिला बसमध्ये चारदा समजावलं. तिनं चारही वेळा मुकाट मान डोलावली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

उपचार घेऊन घरी आल्यावर एक वही भरायची होती. रोज दम किती लागला, शून्य ते दहा. मी विचारायचो, आई सांगायची, मी लिहायचो. महिनाभरात दम आठावरून दोनवर आला. मी हरखून गेलो, नातेवाइकांना फोन करकरून सांगितलं.

मग एके सकाळी वाशीमचं काम आटोपून मी लवकर परतलो, तर आई न्हाणीच्या उंबऱ्यावर ओल्या लुगड्यानिशी बसून तोंडानं हवा ओढत होती.

"मा, काल तं दोन सांगतलं होतं तू!" मी ओरडलोच.

दम जरा बसल्यावर ती म्हणाली, "मंग काय सांगू? त्या डॉक्टरीनबाईनं माह्या पायाची सूज दाबून पाह्यली, सोताच्या हातानं चहा देल्ला. तिले कसं म्हनू, बाई, तुह्या दवाईनं काईच नाही झालं?"

आमच्याकडे पाहुणा खारट भाजीलाही चांगलीच म्हणतो. पण इथे तिच्या भिडेपायी खोटा आकडा खरा ठरला असता आणि तिच्यासारख्याच कितीतरी जणी त्या आशेवर नागपूरला आल्या असत्या. मला तिचा राग आला. केलेल्या फोनांची लाजही वाटली.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या चिडल्या नाहीत. तशी नोंद केली, स्टूल ओढून आईजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, आकडा राहू द्या. काय होतं ते सांगा."

आई पदराशी चाळा करत म्हणाली, "पानी अंगावर घेतलं का दम अटकते. वाटते, आता येतच नाही. लय भेव वाटते, बाई. चार वर्स झाले."

ती चारही वर्षं मी त्याच घरात होतो. रोज सकाळी विचारायचो, कशी आहेस? ती म्हणायची, बरी हाय. आणि मी गाडीला किक मारायचो.